वस्तरा केस ओढतो. चूक धारेची की हाताची?

प्रश्न : मी एकतीस वर्षांचा आहे, लातूरला राहतो. तीन-चार पात्यांच्या रेझरने मानेवर सतत पुळ्या येतात, म्हणून घरीच वस्तऱ्याने दाढी करायची असं ठरवलं. ऑनलाइन साडेपाचशे रुपयांत वस्तरा आणि चामड्याचा पट्टा असा संच घेतला. तीनदा प्रयत्न केला. केस कापले जायच्या ऐवजी ओढलेच जातात, डोळ्यांत पाणी येतं. हनुवटीखाली दोनदा कापलं. परवा पट्ट्यालाही चीर गेली. घरी आजोबांचा जुना वस्तरा आहे, त्यावर ‘झोलिंगेन’ असं कोरलेलं दिसतं. तो वापरू का? की सलूनवाल्यांसारखा ब्लेडचा वस्तरा घेऊ? की हा नादच सोडू?

उत्तर :

नाद सोडू नका. फक्त तो साडेपाचशेचा वस्तरा पुन्हा चेहऱ्याला लावू नका.

तुमच्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी आहेत. केस ओढले जाऊन डोळ्यांत पाणी येणं हे बहुतेक वेळा धारेचं दुखणं. हनुवटीखाली कापणं आणि पट्ट्याला चीर जाणं हे हाताचं. नवशिका या दोन्ही विद्या एकदम शिकायला बसतो आणि दाढी बिघडली की नेमकं कुठे चुकलं तेच त्याला कळत नाही. म्हणून पहिले तीन महिने धार जाणत्या माणसाकडून लावून घ्या आणि स्वतः फक्त हात शिका. धारेबद्दल शंका नसली की चूक शोधायला एकच जागा उरते.

अशा स्वस्त संचातला वस्तरा बहुधा मऊ स्टेनलेसचा असतो. चांगल्या वस्तऱ्याचं कार्बन पोलाद पाणी पाजून (तापवून एकदम थंड करून) कठीणपणाच्या रॉकवेल मापाने ६० च्या आसपास कठीण केलेलं असतं, तेव्हा कुठे इतकी बारीक धार त्यावर टिकते. दुसरी भानगड आकाराची. वस्तऱ्याची जाड पाठ हीच त्याची मोजपट्टी असते. पातं दगडावर आडवं ठेवलं की पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकतात, त्यामुळे धारेचा कोन (साधारण १६-१७ अंश) पाठीच्या जाडीवरून आपोआप ठरतो. पातं किंचित जरी पिळलेलं असेल तर धारेचा काही भाग दगडाला लागतच नाही, कितीही घासा. तुमचा वस्तरा खिडकीच्या काचेवर आडवा ठेवून पाहा. डुगडुगला तर त्यावर आणखी पैसे घालू नका. पट्ट्यावर हात बसवायला मात्र तो ठेवा, उपयोगी पडेल.

आजोबांचा वस्तरा हीच तुमच्या पत्रातली चांगली बातमी. झोलिंगेन हे जर्मनीतलं सुऱ्या-कात्र्यांचं शहर. त्या नावाला तिथे १९३८ पासून कायद्याचं संरक्षण आहे, आणि तिथले जुने वस्तरे नीट जपलेले असतील तर आजही उत्तम दाढी करतात. आधी तो उजेडात धरून दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली तपासा. पाठीवर किंवा पात्याच्या मधल्या भागावर गंजाचे डाग असले तर बिघडत नाही. गंजाचे खड्डे अगदी धारेपर्यंत पोचले असतील तर तिथे धार तुटत राहते. धारेचा छोटा टवका उडालेला असेल, म्हणजे खांडा, तर तो दगडावर निघतो. पात्याला तडा असेल, मग तो केसाएवढा का असेना, तर तो वस्तरा आठवण म्हणून ठेवा. पाठ एकाच बाजूने जास्त झिजलेली असेल तरी धार सरळ लागणं अवघड जातं. टोक काटकोनी, अणकुचीदार असेल तर धार लावणाऱ्याला सांगा, तो कोपरा दगडावर किंचित मारून देईल. नवशिक्याला गोल टोकच बरं, कारण सुरुवातीच्या जखमा बहुतांशी टोकाने होतात. वस्तऱ्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत मोजतात. तुमचा ५/८ किंवा ६/८ निघाला तर शिकायला अगदी योग्य आहे.

धार कुणाकडून लावायची? रस्त्यावर चाक फिरवून सुऱ्यांना धार लावणाऱ्याकडे तर मुळीच नको. कोरड्या चाकावर पातळ पातं क्षणात तापतं, निळसर पडतं आणि पोलादाचं पाणी उतरतं, म्हणजे कठीणपणा जातो. तो वस्तरा मग कायमचा गेला. तुमच्या भागात एखादे वयस्क नाभिक कारागीर असतील, ज्यांनी ब्लेड येण्याआधी दगड आणि पट्ट्यावर कामं केली, त्यांच्याकडे जा. नाहीतर वस्तऱ्यांना धार लावून देणारी हौशी आणि व्यावसायिक मंडळी आहेत, ती कुरिअरने वस्तरा घेऊन परत पाठवतात. त्यांना एवढं विचारा, की दगड कुठल्या नंबरापर्यंत नेता? (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक.) १००० वर धारेचा उतार बसवायचा, मग ४००० किंवा ५०००, मग ८००० आणि शेवटी १२००० किंवा त्या तोडीचा नैसर्गिक दगड, असं उत्तर आलं तर माणूस जाणता आहे. नवा कारखान्यातून आलेला वस्तरासुद्धा बरेचदा थेट चेहऱ्याला लावण्याजोगा नसतो, हेही माहीत असू द्या.

वस्तरा परत आला की पट्ट्यावर न नेता आधी एक केस तोडून पाहा. डोक्याचा धुतलेला केस मुळाकडून चिमटीत धरायचा आणि मोकळा लोंबता भाग धारेवर अलगद टेकवायचा. टेकताक्षणी तुटला तर उत्तम, थोडा अडखळून तुटला तरी चालेल. पात्यावरून नुसता घसरत गेला तर वस्तरा परत पाठवा. अंगठा धारेवर लांबीच्या दिशेने फिरवून धार पाहायची सवय मात्र लावून घेऊ नका.

आता पट्टा. तुमच्या पट्ट्याला चीर का गेली, ते पाहू. पट्ट्याचं एक टोक खिडकीच्या गजाला कंबरेच्या उंचीवर अडकवा, दुसरं डाव्या हाताने ताणून धरा. ढिला सोडलात तर पट्टा झोळीसारखा खाली लवतो आणि धारेला वळसा घालून तिला गोल करतो. वस्तरा त्यावर पूर्ण आडवा ठेवा, पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या. पातं नेहमी पाठीच्या दिशेने चालतं, धार मागून फरफटत येते. लांबच्या टोकाला पोचलात की थांबा. आधी थांबायचं आणि मग पाठ पट्ट्यावर तशीच टेकलेली ठेवून वस्तरा तिच्यावरून उलटवायचा. धार वर उचलली जाते, अर्धा फेरा घेते आणि दुसऱ्या अंगावर आडवी होते. मगच परत यायचं. चीर पडते ती या वळणावर, कारण हात परतीला निघालेला असतो आणि पातं अजून उलटलेलं नसतं. दुसरं कारण म्हणजे पाठ उचलली जाणं. उलटवताना मनगट वळवू नका, वस्तऱ्याची मान (पातं आणि मूठ यांच्यामधला दांडा) अंगठा आणि तर्जनीत धरून बोटांतच फिरवा, पेन्सिल फिरवतो तशी.

आठ दिवस तो स्वस्तातला वस्तरा, नाहीतर पावाला लोणी लावायची बोथट सुरी घेऊन हा हात बसवा, रोज पन्नासदा. वेगाची घाई नको, वेग आपोआप येतो. पट्ट्याची चीर कडेला असेल तर तिचं सुटलेलं पापुद्रं रबरी गोंदाने चिकटवून बारीक पॉलिशपेपरने सपाट करा. ती मधोमध असेल आणि बोट फिरवताना नखाला अडकत असेल तर पट्टा बदला, नाहीतर प्रत्येक फेऱ्यात धार तिथेच बिघडेल. पहिला पट्टा महाग घेऊ नये ते याचसाठी. दाढीच्या आधी जाड सुती कापडाच्या बाजूवर ३० फेरे, मग चामड्यावर ५० ते ६०, जाऊन-येऊन एक फेरा धरून. वजन वस्तऱ्याचं, आपला दाब नाही. हिरवा लेप, म्हणजे क्रोमियम ऑक्साइड, रोजच्या चामड्याला लावू नका. तो वेगळ्या पट्टीवर, धार मंदावल्यावरच.

चेहऱ्याकडे वळण्याआधी पाण्याबद्दल लिहायला हवं, कारण तुम्ही लातूरचे. बोअरचं जड पाणी असेल तर त्यातला कॅल्शियम साबणाशी जुळून पांढरा चिकट साका होतो. फेस येतो, पण तो कोरडा, लगेच बसणारा. वस्तऱ्याला फेस जाडीसाठी लागत नाही, घसरण्यासाठी लागतो, म्हणून फेसाचा विषय कुणी हलका घेऊ नये. आरओ फिल्टरचं एक भांडंभर पाणी गरम करा आणि ब्रश भिजवायला, फेस करायला तेवढंच वापरा. जड पाण्यात साबणाच्या वडीपेक्षा ट्यूबमधलं क्रीम सहज फेसाळतं. व्ही-जॉन, गोदरेज, पामोलिव्ह यांतलं कुठलंही चालेल. डब्यातून फुस्सकन निघणारा फेस नको, त्यात हवाच जास्त असते.

ब्रश दोन मिनिटं कोमट पाण्यात भिजवून झटका. वाटीत बदामाएवढं क्रीम घ्या आणि एक मिनिट घोटा. मग अर्धा चमचा पाणी, पुन्हा घोटा, पुन्हा थोडं पाणी. फेस फेटलेल्या दह्यासारखा दिसला पाहिजे, चकाकणारा, डोळ्याला बुडबुडे न दिसणारा. दोन बोटांत घेऊन चोळा. बोटं सरकली पाहिजेत. बारीक चरचर आवाज आला तर पाणी कमी आहे. ब्रशवरून ओघळायला लागला तर पाणी जास्त झालं.

दाढी अंघोळीनंतर करा. केसात पाणी मुरलं की तो खूप मऊ होतो, आणि त्याला दोन-तीन मिनिटं द्यावीच लागतात. अंघोळ झाली नसेल तर गरम पाण्यात पिळलेला टॉवेल चेहऱ्यावर दोन मिनिटं धरा.

त्याआधी, दोन दिवसांची दाढी वाढलेली असताना, कोरड्या चेहऱ्यावर बोटं फिरवून केसांचा रोख पाहून घ्या. ज्या दिशेला बोट मऊ जातं ती सुलटी. गालावर ती सहसा खाली असते. मानेवर मात्र आडवी, तिरकी, काहींची तर वरच्या दिशेने असते. कागदावर चेहरा काढून बाण लिहा. मानेवरच्या पुळ्या येतात त्या बहुतेक इथेच चुकल्यामुळे: सगळीकडे वरून खाली हात मारला जातो, आणि तुमच्या मानेवर तोच उलटा हात ठरत असेल. अनेक पात्यांच्या रेझरमध्ये पहिलं पातं केस ओढून धरतं, पुढचं त्याला त्वचेच्या पातळीखाली कापतं, आणि तो केस वर येताना आत वळतो. वस्तऱ्याने हा त्रास कमी होतो, पण सुलट हात मारला तरच.

धरायची पद्धत अशी: तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका पात्याच्या मानेवर वरच्या बाजूने, करंगळी शेपटीच्या (मुठीच्या खिळ्यापलीकडे वळलेल्या टोकाच्या) खाचेत, अंगठा खालून मानेला आधार देत. मूठ वर उभी राहील. पातं आधी त्वचेवर आडवं टेकवा, मग पाठ उचला. पाठ आणि त्वचा यांत पाठीच्याच जाडीच्या दीड-दोनपट फट राहिली की कोन साधारण ३० अंश होतो. याहून चपटं धरलं तर वस्तरा केसांवरून घसरतो किंवा त्यांना ओढतो. याहून उभं धरलं तर तो त्वचा खरवडतो, आग होते, आणि आणखी उभं झालं की कापतो.

दुसरा हात रिकामा नसतो, त्याला त्वचा ताणायची असते. निम्मी दाढी या हाताची असते असं म्हटलं तरी चालेल. बोटं कोरडी करून तुरटीचा खडा चोळा, मग निसटत नाहीत. कल्ल्याशेजारी त्वचा वर ताणायची आणि वस्तरा खाली दोन-तीन सेंटिमीटरच्या छोट्या हातांनी आणायचा. नीट धार लागलेला, पोकळ घासलेला (पात्याच्या दोन्ही बाजू आत खोलगट केलेला) वस्तरा चालताना केस कापल्याची बारीक खसखस ऐकू येते. ती ऐकायची सवय लावा. आवाज बदलला, तर कोन बदलला. पातं त्याच्या लांबीच्या दिशेने कधीही सरकवू नका, अर्ध्या सेंटिमीटरनेही नाही. सुरीने टोमॅटो कापतो ती हीच चाल, आणि त्वचाही तशीच कापली जाते. वस्तरा कुठे अडला तर दाबू नका. उचला, फेस लावा, कोन पाहा.

पहिले दहा दिवस दोन गालच करा, बाकी दाढी तुमच्या नेहमीच्या रेझरने. डावा गाल डाव्या हाताने करायला पहिल्या दिवसापासून शिका. आठवडाभर अवघडल्यासारखं वाटेल, पण उजव्या हाताने नाकापलीकडून वाकून केलेल्या गालावर स्वतःचाच हात आरशाच्या आड येतो. मग पुढचे दहा दिवस जबड्याची कड आणि मान. जबड्याच्या हाडावर सरळ वस्तरा नेऊ नका, खालची त्वचा गालावर ओढून घ्या म्हणजे तो भाग सपाट जागेवर येतो. मानेसाठी डोकं मागे टाका आणि त्वचा खाली ताणा. महिन्यानंतर हनुवटी आणि वरचा ओठ. तुमची हनुवटी कापली ते यामुळेच: गोलाई जास्त, केस राठ, आणि पातं सरळ. खालचा ओठ दातांवर ताणून ती जागा सपाट करा आणि पात्याचा मधला भाग वापरून सेंटिमीटरभराचेच हात मारा. ओठावर नाकाचं टोक बोटाने वर उचलायचं, पात्याच्या दोन्ही टोकांकडे लक्ष ठेवायचं.

सुरुवातीला एक सुलटा फेरा पुरे. महिन्याभराने फेस पुन्हा लावून दुसरा आडवा फेरा घ्या. उलटा हात, ज्याची सलूनमध्ये विचारणा होते, तो तुमच्या मानेवर नकोच. गुळगुळीतपणाच्या हट्टापायी तुमच्या पुळ्या परत येतील.

बारीक कापलं तर थंड पाणी आणि ओला तुरटीचा खडा, अर्धा मिनिट दाबून. खडा तुमचा एकट्याचा ठेवा. खोल कापलं तर स्वच्छ कापड दहा मिनिटं न उचलता दाबून धरा. कडा उघड्या राहिल्या तर डॉक्टरकडे जा. धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते आधीच पाहून ठेवा. मधुमेह असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, हात कापत असेल किंवा जखमेच्या जागी जाड वण उठत असतील, तर वस्तरा नकोच. हातातून निसटलेला वस्तरा पकडायला जाऊ नका, पडू द्या. बेसिनमध्ये टॉवेल घालून ठेवा म्हणजे पडला तरी धार वाचेल. नळाला नुसती टकटक झाली तरी खांडा पडतो.

ब्लेडच्या वस्तऱ्याबद्दल तुम्ही विचारलंत. तो दोन-चारशे रुपयांत मिळतो, अर्धं मोडलेलं दुधारी ब्लेड त्यात बसतं, पट्टा नको, दगड नको. सलूनमध्ये तो आला ते स्वच्छतेसाठी, आणि तिथे तोच हवा: प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड. पण शिकायला तो सोपा आहे हा समज चुकीचा आहे. ब्लेड जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड, धार वस्तऱ्यापेक्षा तीव्र, दोन्ही कोपरे टोकदार, आणि वस्तऱ्याचं वजन नसल्यामुळे हात नकळत दाबला जातो. खऱ्या वस्तऱ्यावर जी चूक ओरखड्यावर भागते ती इथे रक्त काढते. तुम्हाला फक्त पुळ्यांपासून सुटका हवी असेल तर साधा दुधारी ब्लेडचा रेझर हाच सर्वांत कमी कष्टाचा मार्ग. आणि तरीही पुळ्या राहिल्या तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. वस्तरा घ्यायचा तो सकाळची वीस मिनिटं या कामाला मनापासून द्यायची इच्छा असेल तर.

दाढी झाल्यावर पातं पाठीकडून धारेकडे टिश्यूने टिपा, धारेवर आडवं पुसू नका. मुठीच्या फटीत पाणी राहतं, तीही टिपा. कापडी पट्ट्यावर दहा फेरे, मग तासभर उघडाच ठेवा. कार्बन पोलादावर ओलसर बाथरूममध्ये एका रात्रीत गंजाचा ठिपका धरतो, म्हणून जागा कपाटात, आणि पावसाळ्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पात्यावर फिरवून. चामड्याच्या पाकिटात ठेवू नका, चामडं ओल धरतं. रोज वापरलात तर दोन-तीन महिन्यांनी, पट्ट्यानंतरही ओढ जाणवायला लागली की, १२००० च्या दगडावर हलके पंधरा-वीस फेरे लागतात. तो दगड घेण्याचा विचार तेव्हा करा.

आजोबांचा वस्तरा वापरायच्या आधी साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन स्पिरिटने पुसा; ब्लीच लावू नका, पोलाद खातं. मुठीचा वास घ्या. जुनी सेल्युलॉइडची मूठ कुजायला लागली की तिच्यातून आम्लाची वाफ निघते आणि मिटलेल्या पात्यावर, मुठीला लागून असलेल्या भागावरच, गंज चढतो. कापरासारखा उग्र वास, बारीक भेगा आणि तसा गंज एकत्र दिसला तर वस्तरा आजच मुठीबाहेर उघडा ठेवा आणि धार लावायला देताना मूठही बदलून घ्या. काढलेली मूठ ज्योतीजवळ ठेवू नका, सेल्युलॉइड भडकन पेटतं.